कोरं वांगं

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे वांग्यावर उजेड पाडून त्यावर विष आहे की नाही ते कळतं, असं पोरीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, उजेड तर आमच्या शेतात रोज पडतो, आम्हाला कधी काही कळलं नाही. ती हसली नाही. त्या दिवसांत ती माझ्या बोलण्यावर हसत नसे आणि माझ्या घरचं वांगं खात नसे. हसत नसे त्याचं मला काही नव्हतं.

पोरगी जळगावला असते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तिथल्याच प्रयोगशाळेत भाज्या तपासते. आम्ही नरडाण्याच्या पुढे, स्टेशनापासून रिक्षाने अर्धा तास. शेत मुलगा करतो. कपाशी आणि मिरची त्याची, विहिरीजवळच्या वांग्याच्या दोन ओळी माझ्या. या ओळींना आम्ही घरची ओळ म्हणतो. आमच्या गावात प्रत्येकाच्या शेतात अशी एखादी ओळ असते. विकायच्या मालावर औषध मारायचं, घरच्या ओळीवर नाही. विषाला आम्ही औषध म्हणतो. विकलेलं कोण खातं, कोणाची लेकरं खातात, हे आम्ही कधी एकमेकांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मग माझीच पोरगी शहरात गेली आणि विकत घेऊन खाऊ लागली, तेव्हा ते आपोआप विचारलं गेलं.

नवरा होता तोवर फवारणी तोच करायचा. पाठीवर पंप, डाव्या हाताने दांडी खालीवर, उजव्या हातात नळी. दांडीचा खटक खटक आवाज विहिरीपर्यंत यायचा. आवाज थांबला की समजायचं, टाकी संपली, आता पाणी प्यायला येईल. मी तांब्या भरून ठेवायचे. इतकी वर्षं आमचं बरंचसं बोलणं त्या आवाजावरच झालं. नवरा फार बोलणारा नव्हता आणि मी फार ऐकून घेणारी नव्हते.

थंडीत एक दिवस शेतात भरीत करायचं, हे मात्र ठरलेलं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग पेटवायचा, त्यात हिरवी पांढरट मोठी वांगी घालायची. भाजायचं काम त्याचं, ठेचायचं माझं. पोरगी लहानपणापासून जाळाजवळ त्याच्या शेजारी बसायची. पहिलं वांगं भाजलं की तो त्याची काळी साल बोटांनी ओढायचा, देठाजवळचा गर फुंकायचा, त्यावर मिठाचा खडा चुरडायचा आणि देठ तिच्या हातात द्यायचा. भरीत व्हायच्या आधीच ती अर्धी जेवलेली असायची. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी हे चालू होतं. प्राध्यापकीणबाई देठ धरून गर ओरपायच्या, तोंड काळं करून घ्यायच्या.

हे बंद पडलं ते मिरचीमुळे. भावाच्या शेतातली मिरची ती दर वर्षी घेऊन जायची. एका वर्षी तिने ती कुठल्याशा मोठ्या ठिकाणी तपासायला पाठवली आणि जे आलं ते भावाला वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला, मग व्यापाऱ्याला डागी मिरची देऊ का. दोघेही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटलं नाही. त्या थंडीत ती भरिताला आली, पण बरोबर डबा घेऊन. मी म्हटलं, वांगी घरच्या ओळीतली आहेत. ती म्हणाली, ओळीच्या पलीकडे भावाची कपाशी आहे, वारा काय बांध पाहून थांबतो का.

नवऱ्याने तरीही देठाचा गर फुंकला, मीठ चुरडलं आणि तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिले नको व्हई." आणि तो देठ त्याने पानाच्या कडेला ठेवला. खाल्लाही नाही. जेवण झाल्यावर पानासकट जाळात टाकला.

पुढच्या भादव्यात तो, पोरांचा आबा, गेला. छातीत दुखतं म्हणाला, धुळ्याला नेईपर्यंत संपलं होतं. त्या थंडीत आम्ही शेतात काही केलं नाही.

घरची ओळ मात्र मी लावली. वांग्याला शेंडेअळी लागते, त्यावर काहीतरी मारावंच लागतं. मी निंबोळ्या कुटायचे, भिजवायचे, फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी घालायचे. मुलाकडे बॅटरीचा नवा पंप होता, तो त्याच्या कामाचा. मी नवऱ्याचा जुना पंप खुंटीवरून काढला. तळाशी दोन बोटं औषध वाळून बसलं होतं. शेवटच्या फवारणीनंतर त्याने तो तसाच टांगला होता, पुन्हा घालणार म्हणून. मी टाकी तीन वेळा विसळली आणि वापरायला घेतली.

पंपाचा एक पट्टा तुटलेला होता. त्याने माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी तिथे गाठ मारून बांधली होती. पट्टा त्याच्या उंचीचा होता, त्यामुळे टाकी माझ्या कमरेच्या हाडावर आदळायची, निळं पडायचं. सून म्हणाली, गाठ सोडून पट्टा आखूड का करत नाही. मी म्हटलं, करीन. केला नाही. नळीही मुठीजवळ गळत होती, तिथे त्याने तार गुंडाळून चिंधी बांधली होती. ती सोडल्याशिवाय नळी आतून धुता येत नव्हती. तीही मी सोडली नाही. का, ते इथे लिहायची गरज नाही.

मागच्या वर्षी मार्गशीर्षाच्या तोंडावर पोरीचा फोन आला. "माय, माले तुना घरना वांगा पाह्यजेत. काहीच न मारेल."

खायला नव्हे, तपासायला. तिच्या प्रयोगशाळेत नवीन यंत्रं आली होती. बाजारातल्या वांग्यावर काय आहे हे ओळखायचं तर आधी ज्याच्यावर काहीच नाही असं वांगं यंत्राला दाखवावं लागतं. त्याला ती कोरा नमुना म्हणत होती. कोऱ्या वांग्याची रेघ एकदा मिळाली की बाकीची वांगी त्याच्याशी ताडून पाहायची. जळगावच्या बाजारात तिला असं वांगं मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे आमचं एकदम शुद्ध आहे, आणि यंत्र म्हणे नाही.

मी विचारलं, "कोरं निंघनं ते खाशी का तू?"

 ती म्हणाली, "खासू."

वांगी तिने सांगितलं तशीच तोडली. हात धुऊन, कोरे हातमोजे घालून, कात्रीने देठ कापून, पाणी न लावता, प्रत्येक वांगं वेगळ्या कागदी पिशवीत. मुलगा म्हणाला, नवरीलाही कोणी इतकं जपत नाही. सकाळच्या पॅसेंजरने निघाले. पिशवी फळीवर ठेवली नाही, जळगावपर्यंत मांडीवरच धरली. समोरच्या बाईने दोनदा विचारलं की आत काय आहे. वांगी म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही.

प्रयोगशाळा म्हणजे पडदे लावलेली थंडगार खोली. यंत्रं मोठी असतील असं मला वाटलं होतं, तर ती शिलाई मशीनएवढीच. पोरीने ओल्या कापसाच्या बोळ्याने वांग्याची साल पुसली, बोळा पिळला आणि निघालेला थेंब काचेच्या पट्टीवर ठेवला. त्या पट्टीवर चांदीचा बारीक लेप असतो. त्यामुळे अगदी थोडं असलं तरी दिसतं, म्हणाली. मी विचारलं, काम झाल्यावर ती चांदी परत काढून घेता का. तिच्याबरोबर काम करणारी मुलगी हसली. माझी पोरगी नाही.

त्या थेंबावर एक बारीक लाल किरण सोडतात. किरण आदळून जो उजेड विखुरतो त्यावरून तिथे काय आहे ते कळतं, कारण प्रत्येक वस्तू उजेड आपापल्या रीतीने परत फेकते. पण वांग्याची साल स्वतःच चमकते, आणि त्या चमकेत बारीक खुणा बुडून जातात. म्हणून दुसऱ्या यंत्रात वेगळा उजेड. तो डोळ्यांना दिसत नाही, चुलीच्या धगीसारखा असतो. त्यातला कोणता भाग वस्तूने गिळला ते ते यंत्र सांगतं. एकटं पहिलं चुकू शकतं, एकटं दुसरंही. दोघांच्या रेघा एकत्र करून संगणक निकाल देतो. मला हे लगेच समजलं. स्थळ बघायला गेलो की आम्ही शेजारणीलाही विचारतो आणि किराणा दुकानदारालाही, पण वेगवेगळं. दोघांचं जुळलं तर मानायचं.

संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटली. माझं माहेर साक्रीकडचं. घराच्या ओट्यावरून डोंगरांची जशी ओळ दिसायची तशी ती रेघ होती, कुठे उंच, कुठे सपाट. पोरगी एका शेंड्याकडे पाहत राहिली. मग दुसऱ्या यंत्राकडे गेली. तिथेही बराच वेळ उभी राहिली. दुसरं वांगं काढलं, तिसरं काढलं.

"शे, माय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काय शे?"

"काहीतरी शे. बठ्ठा वांगासवर शे."

सगळ्याच वांग्यांवर आहे, हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती खाली बघून म्हणाली. एवढ्या लांब मांडीवर आणलेली वांगी तिने परत पिशव्यांत घातली आणि पिशव्यांवर आकडे लिहिले. फार थोडं आहे, बाजारातल्यापेक्षा कितीतरी कमी, असं सांगत होती. मी विचारलं, कोरं आहे का. ती म्हणाली, नाही. मग थोडं आणि फार यात मला काही करायचं नव्हतं. त्याच दिवशी परत निघाले. तिने जेवून जा म्हटलं. मी म्हटलं, तू माझ्याकडे जेवशील तेव्हा मी तुझ्याकडे जेवेन. हे बोलायला नको होतं. पण बोलले.

घरी येऊन मुलाला धरलं. तुझ्या कपाशीवरचं उडून आलं, वारा पाहून मारत नाहीस, बहिणीला घरचा घास नाही ठेवलास. तो म्हणाला, मी त्या बाजूच्या चार ओळी सोडूनच मारतो. मी ऐकलं नाही. पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही, भाकरी वाढायची आणि उठायचं. आईने बोलणं बंद करावं इतका तो लहान राहिलेला नाही, पण जेवायचा खाली मान घालून.

मग एका रविवारी पोरगी स्वतः आली. पिशवीत कापसाचे बोळे, बारक्या बाटल्या. विहिरीचं पाणी, माती, टोपली, माझ्या निंबोळीचं पाणी, कपाशीची पानं, सगळ्यातून थोडं थोडं घेतलं. भावाला विचारलं, यंदा कपाशीवर काय काय मारलं. त्याने कपाटातल्या बाटल्या आणून समोर मांडल्या. तिने एकेक नाव वाचलं आणि मान हलवली.

"हाई भाऊनं नही," ती मला म्हणाली. दोन्ही यंत्रांच्या रेघा एकत्र करून जे औषध निघालं होतं ते या बाटल्यांत नव्हतं. वेगळंच होतं, जुनं. भावाने ते कधी आणलेलंच नाही.

"मंग कोनं?"

  मुलगा म्हणाला, ते औषध आबाच आणायचे, उग्र वासाचं, मी नको म्हणायचो. मग तिघांनीही खुंटीकडे पाहिलं.

पोरीने पंप खाली घेतला. टाकी आतून पुसली, तोंड पुसलं. मग मुठीजवळची चिंधी आणि तार सोडायला लागली. मी म्हटलं, थांब, मी सोडते. नवऱ्याची गाठ पक्की असायची. सुटायला वेळ लागला. नळी उभी धरून पाणी ओतलं तर खालून पिवळट पाणी आलं. साबण आणि निंबोळीचं तेल आतून थोडं थोडं खरवडत होतं, म्हणाली, म्हणून प्रत्येक फवारणीत थोडं थोडं बाहेर येत होतं.

म्हणजे मेल्यानंतरही तो माझ्या वांग्यांवर फवारत होता.

पट्ट्याची लुगड्याची पट्टी मी काढून ठेवली होती. पंपाचं काय करायचं ते करा, ही राहू दे, असं मनात होतं. पोरीने ती हातातून घेतली नाही, फक्त बोळ्याने पुसली. चार दिवसांनी फोन आला. सगळ्यांत जास्त त्या पट्टीतच निघालं. टाकीच्या तोंडातून सांडलेलं तिथेच मुरायचं. मी विचारलं, पट्टीत एवढं, तर पट्टी ज्या खांद्यावर होती त्या खांद्यात किती?  यंत्राला विचारता येण्यासारखं ते राहिलंही नव्हतं.

तिचं म्हणणं पडलं की पंप फेकू नका, वापरू नका फक्त, आबांचा आहे, टांगलेला राहू दे. शिकलेली असली तरी तिला तिच्या आईची ओळख नव्हती. टांगलेला राहिला असता तर पुढच्या अळीला मी तो काढलाच असता. मी मुलाला सांगितलं, फोड. भंगारात तसाच गेला तर कोणीतरी त्यात पाणी भरेल. त्याने कुदळीने टाकीला भोकं पाडली. मी विहिरीजवळ बसून होते. मुलाशी बोलायला त्या दिवसापासून सुरुवात केली. माफी वगैरे मागितली नाही. भाकरीवर तूप जास्त घातलं, त्याला कळलं असेल.

लुगड्याची पट्टी पुढच्या खेपेला पोरीने नेली. बरणीत बंद करून प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवली आहे, वर आकडा लिहून. पट्ट्यावरचं औषध कसं मुरतं ते विद्यार्थ्यांना दाखवायला. ठीक आहे. माझ्याजवळ राहिली असती तर पेटीतच पडली असती.

यंदा मी पंप घेतलाच नाही. निंबोळीचं पाणी बादलीत घ्यायचं आणि कडुनिंबाच्या डहाळीने शिंपडायचं. दोनच तर ओळी. काम हळू होतं आणि त्याचा काही आवाज होत नाही. हे मला अजून जमलेलं नाही. सकाळी ओळीत वाकून शिंपडताना एकदम थांबते, कान त्या खटक खटक आवाजाकडे जातो. मग लक्षात येतं की तांब्या भरून ठेवायचं कारण नाही. तरी मी भरते. संपतं पाणी, मीच पिते.

कार्तिकात वांगी पाठवली. या वेळी मी गेले नाही, मुलगा घेऊन गेला, मांडीवर धरूनच गेला म्हणे. दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. ती बोलली त्यातलं निम्मं मला कळलं नाही. फक्त एवढं कळलं की दोन्ही रेघांत जिथे शेंडा नको तिथे तो नव्हता, आणि आता तिथे जे कोणी वांगं तपासतात ते आमच्या घरच्या ओळीशी ताडून बघतात. मी विचारलं, कधी येतेस. ती म्हणाली, रविवारी.

रविवारी ती आली तेव्हा हातात डबा नव्हता. मी पहिलं तेच पाहिलं. मुलाने काड्या रचून ठेवल्या होत्या, कपाशीच्या नव्हे, तुरीच्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तुरीवरही तो मारतो, पण कमी, असं त्याने स्वतःहूनच सांगितलं. पोरगी ढिगाकडे पाहत उभी राहिली. तिचे ओठ हलले. मी तिच्याकडे बघत होते, तेही तिला दिसलं. ती खाली बसली.

भाजायचं कोणी ठरवलं नव्हतं. मीच बसले. मला ते नीट येत नाही, दोन वांगी एका बाजूने कच्ची राहिली. तुरीच्या काड्यांचा धूर वेगळा असतो, भरिताला तो वास आला नाही जो मला हवा होता. पहिल्या वांग्याची साल ओढताना बोटं भाजली. त्याची कशी भाजत नसत कोण जाणे. देठाजवळचा गर फुंकला, मीठ चुरडलं आणि तिच्यापुढे धरला.

तिने देठ घेतला. खाल्लं. तोंडाला काळं लागलं. बराच वेळ चावत राहिली, वांग्याला इतकं चावावं लागत नाही.

मग देठाकडे बघत म्हणाली, "आबाना हातनं खाई लेवाले पाह्यजे व्हतं, माय. त्या दिन."

मी दुसरं वांगं जाळातून ओढलं. ते चांगलं भाजलं होतं.

"हाई खाई ले," मी म्हटलं. "थंडं व्हई जाई."